किल्ल्याचा काळ

ती. बाबा,

तुम्ही सुरू केलेल्या इतिहासाच्या त्रैमासिकाकडे एक लेख आला आहे. तुम्ही ठरवलेला किल्ल्याचा काळ चुकीचा आहे, असं त्यात सिद्ध केलं आहे. पुरावा पक्का आहे. मी स्वतः तपासला.

आई फोनवर म्हणाली, "ते अंथरुणाला खिळलेत. जरा थांब की. लेख म्हणजे काय दूध आहे नासायला?"

थांबून कशाची वाट बघायची, हे माझ्याने तिला विचारवलं नाही. माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

ज्याचं मत खोडायचं, त्याचं उत्तर त्याच अंकात छापायचं, हा नियम तुमचाच. मागाहून उत्तर कोण देणार? म्हणून तुमच्यासाठी दोन पानं राखली आहेत.

हे पत्र पाठवत नाही. उद्या लेख घेऊन येतो, वाचून दाखवतो. तुम्ही सांगा, मी लिहून घेईन.

तुमचा,
धाकटा