कलमावरचा डबा

देवगड,
एप्रिल १९६१

प्रिय भिकू,

तुझे पत्र पोचले. आबांच्या तेराव्याला आलास, दुसऱ्याच दिवशी सावंतवाडी गाठलीस, आणि आता दोन पाने पाठवलीस ती 'कर्कश' या शब्दावर. संस्कृतात तो आधी हाताला लागणारा शब्द होता, खरखरीत, टोचणारा. कानाकडे मागाहून आला. बरे झाले, कळले. आईच्या जेवणाचे मी विचारले होते, त्यावर एक ओळ नाही. शेवटी हुकूम मात्र आहे, की आंब्याच्या कलमावरचा तो कर्कश डबा उतरवून टाक, आता दोरी ओढायला आबा नाहीत.

तो रॉकेलचा डबा आपल्या लहानपणापासूनचा. आबा पडवीतून दोरी ओढत, आत लाकडाचा ठोकळा आपटे, माकडे पळत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे अंग लुळे पडले, तेव्हा दोरी खाटेला आणून बांधली. उजवा हात तेवढा चालत होता. मी तेव्हा घरी आले होते. ठोकळा काढून मोडक्या कोयत्याचे पाते लाव म्हणाले. त्याचा खणखणाट ऐकून शेजारचे भाई म्हणाले, माकडांच्या आधी आम्हीच गाव सोडू. मीही वैतागले. पाते कशासाठी, ते आबांनी कुणाला सांगितले नाही.

आईचे कान गेलेत, हे तुझ्या ध्यानात तरी आले का? हाक मारून उपयोग नसतो. पण पात्याचा आवाज खालच्या बागेतही तिला पोचायचा. दुपारी आबा दोरी ओढत, ती हातातले टाकून वर येई, मग दोघे जेवत. माकडांचे नुसते नाव होते.

आबा गेल्यापासून दुपारी माकडांसाठी म्हणून दोरी मी ओढत होते; पण तू शिकलेला, म्हणून तुझे ऐकून परवा मी डबा उतरवला. दुपार कलली तरी आई वर येईना. बघायला गेले तर कलमाखाली बसलेली. ताटाची खूण केली, तर म्हणाली, "पयलो डबो वाजांदे गो, मगे जेवतंय." मी डबा पुन्हा चढवला, दोरी ओढली. आली, जेवली, आणि ताट घासायला घेतले.

रविवारी मला मिठबावला जायलाच हवे. सासूबाई पडून आहेत, घरून निरोपावर निरोप येताहेत. तू शिकवतोस त्या शाळेला शनिवारी सुट्टी लागते. ये. दुपारी दोरी ओढ आणि तिच्याबरोबर जेवायला बस. दोरी काथ्याची आहे, तळहाताला टोचते, तुझ्या त्या जुन्या अर्थाने कर्कशच. होईल सवय.

तुझीच,
तुळसाक्का