म्हसळ्यास आलेला चिनी

म्हसळे, शुक्रवार, ता. २६ फेब्रुवारी १९३२

अजीज मेहुणे हमदुल्लाभाई यांस म्हसळ्याहून नजमुद्दीन मास्तरचा सलाम पोहोचावा. इकडे सर्व खैरियत आहे. तुमच्या गुडघ्याला मुंबईची हवा मानवते की नाही ते कळवावे. तुमची बहीण तैयबा ठणठणीत असून माझ्याबद्दलचे तिचे मत पूर्वीचेच आहे.

दर शुक्रवारी नमाजानंतर मी तुम्हांस चीन देशाविषयी चार गोष्टी लिहितो आणि तुम्ही त्या वाचता असे धरून चालतो. (मागच्या खेपेस तुम्ही उलट टपाली "चीनचे समजले, सुक्या बोंबलांचे काय झाले" एवढेच लिहिलेत. त्याचा मी राग धरलेला नाही.) या आठवड्यात मुंबईच्या म्युझियममधल्या त्या निळ्या चिनी फुलदाणीबद्दल लिहायचा बेत होता. तिच्या बुडावरची अक्षरे वाचायला मी जमिनीवर आडवा झालो होतो आणि मला फेफरे आले असे समजून पहारेकऱ्याने तुमच्या मदतीने मला उचलून बाहेर आणले होते, हे तुम्ही विसरला नसालच. त्या अक्षरांबद्दल मला एक नवा तर्क सुचला आहे. पण तो राहू द्या, कारण मंगळवारी म्हसळ्याच्या बाजारात खराखुरा चिनी आला.

पाठीवर रेशमाचे गाठोडे घेऊन गावोगाव फिरणारा फेरीवाला. वय चाळिशीचे, अंगाने बारीक, पायांत आपल्याकडच्याच चपला. आता दयाराम वाण्याच्या दुकानात रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते, त्यामुळे जपानने शांघायवर बाँब टाकले हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. टाकणारे कोण आणि खाणारे कोण यात मात्र अजून गल्लत आहे. मिठाच्या गाड्या हाकणारा सदा म्हणाला, हा जपानी हेर असून खाडीची खोली मोजायला आला आहे. झाले, माणसे जमली. दोघांनी त्याचे गाठोडे धरून ठेवले. कोणीतरी म्हणाले, मास्तरांना चिनी येते, त्यांना बोलवा.

हमदुल्लाभाई, तुमच्यापासून काय लपवायचे, मी शाळेतून धावतच गेलो. माझ्या वालिदसाहेबांनी हाँगकाँगहून आणलेल्या चिनी व्याकरणाच्या पुस्तकावर मी इतकी वर्षे डोळे फोडले, पण चिनी माणसाशी बोलायचा योग आला नव्हता. सगळे मागे सरले. मी टोपी सारखी केली आणि पुस्तकातले पहिले वाक्य स्वच्छ उच्चारात म्हटले, "माननीय पाहुण्यांचे जेवण झाले काय?" त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि खांद्यावरचा जांभळा तागा माझ्यापुढे उलगडला. मी दुसरे वाक्य म्हटले. त्याने तागा गुंडाळला आणि हिरवा दाखवला.

दयाराम हळूच म्हणाला, "मास्तर, ह्यो चिनी न्हाय, न्हायतर तुमची चिनी तरी खरी न्हाय."

सगळे हसले, पण गाठोडे काही कोणी सोडले नाही. (त्यांच्या देशात प्रांतोप्रांती बोली वेगळी, लिपी मात्र एक, हे मीच तुम्हांस तीनदा लिहिले आहे. ऐनवेळी आठवले नाही.) शेवटी मी दयारामची पाटी मागून घेतली आणि लिहिले, तुमचे गाव कोणते?

तो माणूस खाली उकिडवा बसला. पाटीकडे पाहत राहिला. मग माझ्या हातातला खडू घेऊन माझ्या अक्षरात राहून गेलेली एक रेघ त्याने आधी भरली आणि खाली दोन अक्षरे काढली. पहिले 'वर', दुसरे 'समुद्र'. मिळून शांघाय. मी मोठ्याने सांगितले. सदाने गाठोड्यावरचा हात काढला. नाव विचारले तर दोन झाडे शेजारी शेजारी काढली, म्हणजे वन, उच्चार लिन. "आमच्यात याला वने म्हटले असते," असे दयाराम म्हणाला आणि त्याने बसायला पोते टाकले.

समुद्राचे अक्षर मी छापील हजारदा पाहिले आहे. ते हाताने लिहिताना पहिल्यांदाच पाहिले. पाण्याचे थेंब आधी पडतात आणि मग बाकीचे. मी ते थेंबच बघत बसलो होतो, तोवर लिन यांनी पुढे आणखी लिहिले होते. त्यांच्या मोहल्ल्याचे नाव, चापेई. आणि त्याखाली, काही खबर आहे का?

हा माणूस दिवाळीपासून कोकणातल्या खेड्यांतून फिरतो आहे. त्याला काहीच ठाऊक नव्हते. आणि मी मागल्याच शुक्रवारी जपानी बाँबांनी चापेई जळाले त्याविषयी तुम्हांस सात पाने लिहिली होती. राष्ट्रसंघाने काय करावे याचे माझे चार मुद्देही त्यात होते. ते मुद्दे पाटीवर लिहिता येईनात. शेवटी पुस्तकाच्या पहिल्या धड्यातले अक्षर लिहिले, आग.

त्यांनी ते वाचले. पाटी मांडीवर घेऊन बसून राहिले. दयारामने स्वतः उठून पाणी आणून दिले, आणि सदाने मघाशी चुरगळलेला तागा झटकून घडी घालून ठेवला.

तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत. पाटीवर कळले की घरी बायको आणि दोन मुली आहेत. तैयबा त्यांच्याशी सरळ आपल्या बोलीत बोलते आणि ते जेवतात. माझ्याशी पाटीवर बोलतात, पण तिच्याकडून त्यांनी "न्हाय" आणि "बस झाला" हे दोन शब्द उचलले आहेत. मी त्यांना फुलदाणीचे विचारणार होतो. अजून विचारलेले नाही.

भाभींस दुआ, मुलांस आशीर्वाद. पुढे काय लिहू, हात इथेच थांबतो.

तुमचा
नजमुद्दीन

ता. क. बोंबील सोबत पाठवले आहेत.

ता. क. दुसरा. सोबत म्हणजे टपालाने नव्हे. श्रीवर्धनच्या बंदरावरून आगबोटीत बसवून दिलेला जो माणूस हे पत्र घेऊन तुमच्या दारात उभा आहे, तेच लिन. माझगावात चिनी खलाशी राहतात, तिथे त्यांना तुम्ही स्वतः घेऊन जा. घरच्यांचा ठावठिकाणा लागेपर्यंत त्यांना तुमच्याकडेच ठेवा. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते, असे तैयबा म्हणते. आधी त्यांना आत घ्या. गाठोडे जड आहे.