मासोळी डोंग्यातच नासते

६ एप्रिल १९८६

आज मासोळी पुन्हा मऊ. अंगठा दाबला तं खड्डा पडला, वर आलाच नाही. सौसरच्या बाजारात चांगली बाजू वर करून मांडली, पाणी मारत राहिली. दवाखान्यातल्या सिस्टरबाई आल्या. दर बाजारी माह्याकडूनच घेतात. रोहूचा कल्ला उचलून पाहिला, आत भुरा. हात पुसला अन् रुखमाकडं गेल्या. रुखमा पांढुर्ण्याहून बरफातली मासोळी आणते, कुठली कोण जाणे, पण कडक असते.

दोन शब्द वाईट बोलल्या असत्या तं बरं झालं असतं. लग्न झाल्यापासून मी त्या जागेवर बसते. वच्छलाची मासोळी म्हणून लोक आमच्या मोहगावच्या बसची वाट पाहत. आता वच्छलाची म्हटलं की नाकाले पदर.

८ एप्रिल

डोंगा, म्हणजे होडी, माह्या भासऱ्याचा. भासरा म्हणजे यायचा, माह्या नवऱ्याचा, मोठा भाऊ. भासऱ्याचं नाव घ्याचं नाही, त्यायच्यासंग बोलाचंही नाही, म्हणून इथं नुसतं भा. लिहीन. दोघं भाऊ सकाळी तलावावर जाळं काढतात अन् मासोळी डोंग्याच्या बुडात टाकतात. तिथं काय असते? कोमट गढूळ पाणी, बिडीचे थोटकं अन् दोघाईचे पाय. मंग तिकडल्या काठाले बाभळीखाली डोंगा लावून पत्ते. तवर मासोळी वरून वाळते, आतून नासते. मी इकडं टोपलं घेऊन उभी.

यायले सांगितलं. काढली की तिथंच पोट फाडा, घाण तलावात टाका, स्वच्छ पाण्यानं धुवा. कल्ले राहू द्या, गिऱ्हाईक तेच पाहते. टोपल्यात पळसाचे पानं, त्यावर मासोळी, पोट खाली पाठ वर, म्हणजे पाणी निथळते. वरून ओलं पोतं. यात काय कठीण आहे?

म्हणे, "भाऊले कोण सांगन?"

"तुम्ही सांगा."

भाकर खाऊन उठले. झालं.

१३ एप्रिल

काल सौसरच्या रसवंतीवाल्याकडून बरफ आणला. भुशात, पोत्यात गुंडाळून. बसमधे मांडीवर घेऊन आली, लुगडं ओलं झालं, कंडक्टर दात काढत होता. काढू दे. आज सकाळी टोपल्यात घालून यायच्या हाती दिला अन् दहादा सांगितलं, मासोळीले लावा.

दुपारी मासोळी आली, जशीच्या तशी, मऊ. मी विचारलं, बरफ? हे बोलले, "भाऊनं पाण्याच्या मडक्यात टाकला. लय गरम होऊन राहिलं होतं ना."

थंड पाणी पेले म्हणे. चांगलं झालं. मासोळीले काय, ते मेलेलीच होती.

१९ एप्रिल

सासूले म्हटलं, मीच डोंग्यात बसते. मी मासोळी सांभाळीन, ते दोघं जाळं पाहतील.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "बाईचा पाय डोंग्याले लागत नाही वच्छे. जाळं रिकामं येते."

"अन् भरलेलं येते, ते सडवता. त्याले कोणाचा पाय लागला?"

सासूनं सूप पुन्हा हाती घेतलं. तीही वीस-पंचवीस वर्षं बाजारात बसली आहे, तिले माहीत नाही असं थोडीच आहे. पण लेकाचा डोंगा. मी दिवसभर घरात कोणासंग बोलली नाही, अन् कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

२७ एप्रिल

भा. तिगावले लग्नाले गेले, सासूलेही घेऊन. सकाळी हे अंगणात घुटमळत होते. वल्हवणं अन् जाळं, एकट्यानं दोन्ही होत नाही. शेवटी म्हणाले, "चाल, तू ये."

मी म्हटलं, "खरंच?"

"ये म्हटलं ना."

गेली. चढताना यायनं हात दिला. बुडातलं पाणी आधी उपसलं. माह्या जुन्या लुगड्याची सावली बांधली. एकेक मासोळी आली तशी फाडली, धुतली, पानाईत लावली. हे पाहत होते. म्हणाले, "तुह्या हाताले चांगला वेग आहे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माह्या हाताबद्दल काही बोलले. जाळं चांगलं भरलं होतं, पाय लागूनही.

बाभळीखाली थांबलो नाही. सरळ काठाले आलो अन् पहिलीच बस भेटली.

बाजारात मासोळी वाजत होती, इतकी कडक. सिस्टरबाईनं कल्ला पाहिला, लाल. म्हणाल्या, "वच्छलाबाई, आज कुठून आणली?" मी म्हटलं, आमच्याच तलावातली. खोटं वाटलं असन त्यायले. पण घेतली, अन् शेजारणीलेही बोलावून घेतली. घरी आल्यावर मी एकटीच हसत होती.

हे म्हणाले, कोणाले सांगू नको. तेवढंच मनाले लागलं. जाऊ दे.

२ मे

भा. परतले. गुराख्यानं काठावरून पाहिलं होतं, त्यानं सांगितलं. भा. ओसरीवर बसून यायले विचारत होते, मी दाराआड.

"श्रावण, डोंग्यात बाई होती का?"

मले वाटलं आता हे सांगतील, मीच बोलावली, एकट्यानं होत नव्हतं. एवढंच तं सांगाचं होतं.

हे म्हणाले, "मी नाही म्हणत होतो भाऊ. थेच येऊन बसली."

दाराले धरून उभी राहिली मी.

संध्याकाळी भा. नं डोंगा धुतला, नारळ फोडला. खोबरं घरात वाटलं, मलेही दिलं. मी खाल्लं. भूक लागली होती.

८ मे

जाळं फाटलं. खुंटात अडकलं. पाणी उतरलं की तलावातले खुंटं वर येतात अन् दरसाल जाळं फाटते. यंदा मात्र माह्यामुळं फाटलं. सासू देवापाशी बसून राहिली. भा. भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "घरातल्या बाईनं घरातल्यासारखं राहावं." भिंत काय बोलणार.

यायच्याकडं पाहिलं. जाळं शिवत होते. मान वर केली नाही.

माहा राग जाळ्याचा नाही, भा. चाही नाही. ते आधीपासून तसेच आहेत. यायनं मले हात देऊन चढवलं होतं.

११ मे

जाळं शिवून झालं. मासोळी पुन्हा बुडातच. बाभूळ तीच, पत्ते तेच. दुपारी टोपलं अंगणात आणून ठेवलं. हे म्हणाले, "बसची वेळ झाली."

मी भांडे घासत राहिली. म्हटलं, "मी नाही जात. तुमची मासोळी, तुम्ही इका."

आमच्याकडं गडी माणूस बाजारात मासोळी घेऊन बसत नाही. लाज वाटते. आजवर बसलेला मी तं कोणी पाहिला नाही. हे हसले, वाटलं मी चिडवून राहिली. मंग हसू गेलं. टोपल्यावर माशा बसाले लागल्या. सासू म्हणाली, "उचल वो वच्छे." मी राखेनं पातेलं घासत राहिली, ते कधीचंच चकचकीत झालं होतं.

शेवटी यायनंच टोपलं उचललं. डोक्यावर घेता येईना, बायाईसारखं दिसन म्हणून असन, खांद्यावर घेतलं. मासोळीचं पाणी पाठीवरून सदऱ्यात उतरत होतं. रस्त्याकडं गेले. बाजारात बसले, का नाल्यात फेकून कुठं बसून राहिले, माहीत नाही.

ऊन उतरलं. सौसरची बस येऊन गेली, त्यात नव्हते. सासू विचारते, कुठं गेला माहा श्रावण? मी म्हटलं, मासोळी इकाले. ती आधी हसली, मंग पदर डोळ्याले लावला. मले वाईट वाटून राहिलं, अन् वाईट वाटते याचाच राग येऊन राहिला.

मले डोंगा नको. बरफ नको, पळसाचे पानं नको. यायनं आपल्या भावासमोर एकदा म्हणावं, मी म्हटलं होतं तिले ये. एवढं म्हटलं तं सडलेली मासोळी इकीन मी जन्मभर, लोकाईचं ऐकून घेईन.

भात अजून टाकला नाही. एक बस राहिली आहे.