स्ट्रेसच्या अकरा चिठ्ठ्या

३ मार्च, सकाळी १०
शब्दकोशातली ‘स्ट्रेस’ची नोंद आज माझ्याकडे आली. आमचे मुख्य संपादक, म्हणजे थोरले, महिनाअखेरीला रिटायर होताहेत. नोंद देताना हसून म्हणाले, याला तुमच्याइतका योग्य माणूस नाही. त्यांची खुर्ची कोणाला मिळणार, ते मी समजून चुकलो. संकल्प: वीस तारखेच्या आत काम फत्ते. आवाज चढवायचा नाही. एरवीही मी कुठे चढवतो!

४ मार्च
ताण. दडपण. वस्तूवर पडणारा दाब. उच्चारातला जोर. वीस मिनिटांत चार अर्थ! लोक उगाच बाऊ करतात. समोरच्या टेबलावरच्या कात्रीबाई म्हणाल्या, ओढाताण आणि घालमेलही घ्या. (सगळ्यांच्या नोंदी कापतात म्हणून हे नाव मीच ठेवलंय.) मी म्हटलं, तुमचं टेबल तुम्ही सांभाळा. शांतपणे म्हटलं. टायपिस्टच्या हातून चहा सांडला, त्याला मी काय करणार?

७ मार्च
डोक्याला ताप! उदाहरणाची वाक्यं म्हणे मनाने रचायची नाहीत. कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलीच हवीत, चिठ्ठीवर तारखेसकट. थोरल्यांचा जुना हट्ट. तीन दिवस कान देऊन बसलोय, पण मी खोलीत शिरलो की सगळे गप्प. या लोकांकडे शब्दच उरलेले नाहीत.

९ मार्च
घरीही तेच. बायकोला म्हटलं, ताणावर काहीतरी बोल. म्हणाली, जेवून घ्या. मुलगी वहीत डोकं खुपसून बसलेली. आमच्या घरात ताण नाहीच, तर वाक्य येणार कुठून? दार जरा लावलं तर बिजागरी निखळली. कारागीर चोर आहेत सगळे.

१२ मार्च
उपाय सापडला. कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. ऑफिससाठी कात्रीबाईंना, घरासाठी मुलीला. म्हटलं, ऐकाल ते लिहा, एक अक्षर बदलायचं नाही. होणाऱ्या मुख्य संपादकाला कामं वाटून देता आली पाहिजेत.

१५ मार्च
बायकोने ओढत डॉक्टरकडे नेलं. त्याने विचारलं, स्ट्रेस आहे का? मी विचारलं, कोणत्या अर्थाने? चारही अर्थ नीट समजावले. त्याने पुन्हा प्रेशर घेतलं तर वीसने वाढलेलं! मशीन बदला म्हणून खडसावून आलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत दणादण जिना चढतो मी. म्हणे प्रेशर.

१९ मार्च
अकरा चिठ्ठ्या आल्या. वाचणार होतो, पण कोणीतरी माझा स्टेपलर पळवला होता. सगळ्यांचे खण उपसले, टायपिस्टचे दोनदा. शेवटी तो माझ्याच खिशात निघाला. कोणी ठेवला तिथे, त्याचा छडा लावीनच! या गोंधळात चिठ्ठ्या तशाच टाचून दिल्या. पण मुदतीच्या एक दिवस आधी!

२४ मार्च, दुपारी ४
सकाळी मीटिंग झाली. नवा शर्ट घातला होता. थोरल्यांनी नोंद मोठ्याने वाचली. अर्थ सगळ्यांना पटले. मग उदाहरणं.

‘त्यांचे बूट जिन्यात वाजले की माझ्या पोटात गोळा येतो.’ ‘रजेचा अर्ज ते जेवायला गेले की ठेव.’ ‘आज कोणाची पाळी आहे ओरडा खायची?’

माझं रक्त उसळलं. टेबलावर मूठ आपटून म्हटलं, कोण आहे हा माणूस? असल्याला एक दिवस ठेवू नका! टायपिस्टने मान खाली घातली. थोरले चष्मा पुसत बसले. मग त्यांनी अकरावी चिठ्ठी वाचली नाही, नुसती माझ्यापुढे सरकवली.

अक्षर मुलीचं. वाक्य तिच्या आईचं, तारीख चौदा मार्च. ‘ते यायला अजून अर्धा तास आहे, तोवर मोठ्याने हसून घे.’

खुर्ची कात्रीबाईंना मिळाली. त्यांनी पहिला निर्णय दिला: या नोंदीतलं काहीही कापायचं नाही.

२४ मार्च, रात्री
संताप संताप होतोय. कोणाचा, ते लिहवत नाही.
सातलाच पोचलो. बूट काढून हातात घेतले आणि जिना चढलो. दाराबाहेर उभा राहिलो. आत दोघी हसत होत्या. बायको इतकी खळखळून हसते हे विसरलोच होतो. बेल वाजवायला हात उचलला, खाली घेतला आणि पायरीवर बसलो.
साडेसातला आतलं हसणं आपोआप थांबलं. मी रोज साडेसातला येतो.