मधला झोळ

ऊर्जानगर, रविवार, संध्याकाळ

ताईच्या बाळासाठी गोधडी शिवते आहे, आयुष्यातली पहिली. आईची धुऊन मऊ झालेली लुगडी घेतली, पट्टीने रेघा आखल्या. टाके सारखे आले, पण मधोमध झोळ आला. कडेपासून सुरुवात केली, तिथेच चुकलं. आई हसली. "वीज केंद्राची कंट्रोल रूम सांभाळतं अन् गोधडीपुढे हारतं? राहू दे वं, बाळाले का समजते?"

बाळाला नाही, ताईला समजेल. तिच्या लग्नात आमचं वाजलं, तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. झोळ बघूनही ती "छान आहे" म्हणेल आणि गोधडी कपाटात ठेवेल. तेच मला नको आहे. भांडली तरी चालेल.

सगळे टाके उसवले. पहिला टाका आता मधोमध घातला आहे.