चार हेड कमी

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा आवाज आठवायचा तर आधी बोईसरची ती खोली आठवावी लागते. स्टोव्हची घरघर, तव्यावर तांदळाची भाकरी, भिंतीला टेकवून ओळीनं उभी केलेली ताटं. मग त्या सगळ्याच्या मागून तू बोलतेस. आज शुक्रवार, इथे आखातात सुट्टी. कॅम्पातले सगळे कपडे धुतायत, केस कापून घेतायत. मी खाटेवर बसून तुला लिहितोय. सातवीत सोडलेलं माझं अक्षर तुला कुठं वाचता येत होतं, तरी लिहितोय. कारण गुरुवारपर्यंत मला माझ्या टोळीतली चार माणसं घरी पाठवायचीत, आणि ती कोणती हे मीच ठरवायचं आहे.

साहेब माणसं म्हणाला नाही. म्हणाला, "चार हेड कम करो." साहेब तसा वाईट नाही, आपल्याकडचाच आहे, त्यालाही वरून आकडा आलाय. मी विचारलं, कोण? तर म्हणाला, "कौन, वो तू देख ना. मेरे को सिर्फ चार चाहिए." आणि जाताजाता, "इसके बाद तेरे को पक्का फोरमन कर देता हूँ." रोज सकाळी बसच्या दारात उभा राहून मीच तर बोटानं मोजतो सगळ्यांना. तेव्हा काही वाटत नाही. त्या दिवसापासून मात्र बोट उचललं की तुझं उलथनं आठवतं.

तुला आठवतं का गं? मी लहान होतो. रात्रपाळी सुटून आलेले तुझ्या खानावळीतले कामगार जेवायला बसलेले, वालाचं कालवण होतं. मला नुकते आकडे यायला लागले होते, म्हणून पंगतीकडे बोट करून जोरजोरात मोजत सुटलो. तू स्टोव्हपाशी बसल्याबसल्याच उलथनं हाणलंस माझ्या बोटावर. गरम होतं. "जेवनारी मानसं मोजू नये," म्हणालीस, "बकऱ्या हायत काय त्या?" जेवणारे हसले. त्यातला माहीमवाला म्हणाला, "मोजू दे गं मावशे, पुढं मुकादम व्हईल." तू त्यालाही सोडलं नाहीस. "मुकादम झाला तर याच घरात जेवाया बसेल ना? मंग बघते त्याला."

तू मोजायची नाहीस, तरी कधी भाकरी कमी पडली नाही. प्रत्येकाचं ताट ठरलेलं. कुणाचं काठावर चेपलेलं, कुणाच्या ताटावर बायकोनं नाव घालून दिलेलं. सगळे जेवून उठले आणि एखादं ताट भिंतीलाच टेकून राहिलं, की तू त्याच्याकडे बघत बसायचीस. "शिरगावचा आला नाय रं. बघून ये, ताप-बीप आला का." नावं तुझ्या तोंडात क्वचितच असायची, गावंच असायची. पण गाव म्हटलं की त्याच्यामागचा सगळा माणूस यायचा.

मग मी तारापूरच्या कारखान्यात लागलो. पहिल्या दिवशी संध्याकाळी आलो तर भिंतीला एक नवं ताट उभं. स्टीलचं, माझं नाव घातलेलं. तोवर मी तुझ्याबरोबर परातीतच जेवायचो. तू ते ताट ओळीत सगळ्यांच्या बरोबरीनं मांडलंस. मी तुला कौतुकानं सांगत होतो, कारखान्याला दोन गेटं हायत, एकावर स्टाफ लिहिलंय, एकावर लेबर.

"लेबर म्हंजे कोन रं?"

"आमी."

"आन् ष्टाफ?"

"ती खुर्चीवाली."

तू भात वाढता वाढता विचार केलास. "मंग जेवाया बसली की कोन असतात?"

 मी चिडलो, ताट पुढं सरकवलं. मी लगेच चिडायचो तेव्हा. तीन कारखाने सोडले मी, तुला माहीत आहे. एकीकडे कॅज्युअल होतो, एकीकडे हेल्पर, एकीकडे नुसतं "ए टेम्परवारी". प्रत्येक वेळी तू एवढंच विचारायचीस, "आता काय म्हनतात तुला?" तेव्हा मला वाटायचं, तू टोमणा मारतेस. आता वाटतं, तुला खरंच जाणून घ्यायचं होतं.

इथे येऊन मला साहेबांची इंग्रजी बरीचशी कळायला लागली. माणसाला किती नावं आहेत तिच्यात. काम निघालं की म्हणतात मॅनपावर. बोलट आवळायला दोघं हवे असले की म्हणतात, टू हँड्स पाठव. मोजताना हेड. मेसमध्ये ताटं उचलणारा आजोबाच्या वयाचा आहे, केस पांढरे, त्याला बॉय. घाम न येणारे असतात ते जंटलमन. मागच्या उन्हाळ्यात आमच्यातला एक गाझीपूरचा दुपारी पाइपांच्या सावलीत बसला तो उठलाच नाही. तासाभरात वॉकीटॉकीवर सगळे बोलायला लागले, बॉडी कुठेय, बॉडी हलवा. मी तिथेच त्याची चप्पल हातात घेऊन उभा होतो. मनात आलं, जिवंत असताना हे आपल्याला हात म्हणतात, डोकं म्हणतात, तुकड्यातुकड्यानं घेतात. अख्खा व्हायला मरावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आला. मी मोजले, आकडा तोच. साहेब म्हणाला, "गुड."

काल संध्याकाळी मी मेसमध्ये सरळ सांगून टाकलं. चार जण जायचेत, मला निवडायला लावू नका, कोण जातं बोला. आधी थट्टाच झाली. "अरे मेरे को भेज दे, बीवी पहचानती है कि नहीं देखता हूँ."  मग ज्याची कंबर धरते तो म्हणाला, मी जातो, तसाही माझ्याच्यानं होत नाही. नवीन आलेला पोरगा, जो फोनवर नुसता रडतो, त्यानं हात वर केला आणि लगेच खाली घेतला, मग परत वर केला. आपला सफाळ्याचा भात चिवडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मी जातू. आवनी तोंडाव आली, भात लावाया घरला मानूस लागतं." मानूस लागतं, म्हणाला. किती महिन्यांनी ऐकला तो शब्द. चौथा कुणीच बोलेना. सगळे आपापल्या ट्रेमध्ये बघत होते. इथे ताटं नाहीत, खणाखणांचे ट्रे असतात, सगळे एकसारखे. कोण जेवायचा राहिला ते ट्रे बघून कळत नाही.

उद्या सकाळी मी साहेबाला सांगणार आहे की चौथा मी. तो भडकेल. बाकीचे म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस, दुसऱ्याची नोकरी वाचवली. सफाळ्याचा गावभर सांगेल. त्यांना म्हणू दे.

हा कागद कुठे पाठवणार? बोईसरच्या खोलीत आता दुसरंच बिऱ्हाड असेल. तिथे गेलो तरी माझ्यासाठी कुणी भात झाकून ठेवणार नाही, हे मला कळतं. तू दिलेलं ते माझ्या नावाचं ताट मात्र माझ्याकडे आहे, ट्रंकेत तळाशी, लुंगीत गुंडाळलेलं. इतरांसमोर लाज वाटायची म्हणून कधी काढलं नव्हतं. आज काढून धुतलं.

एक तुलाच सांगतो. चौथा मी, असं मनात ठरलं तेव्हा मी कुणाचाच विचार केला नव्हता, ना त्या पोराचा, ना कुणाच्या बायकामुलांचा. मी दमलोय गं. आणि ठरल्याबरोबर मला सडकून भूक लागली.