शेवटी येणाऱ्याचा हक्क

२४ मे, सिएप्पी

बसमधून उतरले तेव्हा गाव नंतर दिसलं, नदीचा आवाज आधी ऐकू आला. कार्ने नदीवरचा बर्फ गेल्या आठवड्यात फुटलाय. पाणी काठावरच्या झुडपांच्या शेंड्यांना लागलंय, मुळासकट उपटलेली झाडं त्यात गरगरत चाललीत. मला इतकं बरं वाटलं, की भर रस्त्यात हसू आलं. वर्षभर ज्या पाण्याची वाट पाहिली, ते यंदा वेळेवर आलं.

मुक्काम लेम्पीच्या दुकानाच्या माडीवर. सत्तरीची बाई, तोंडाची फटकळ. माझी गुंडाळलेली रबरी होडी बघून म्हणाली, "ही होडी आहे की पोरांना आंघोळ घालायचं घमेलं?" मग कॉफी आणि राईचा पाव पुढे सरकवला, आणि त्यावर उपदेशही वाढला. वर नदीकाठी वाटसरूंसाठी कायम उघडी खोपी आहे, तिथून निघताना चूल मांडून ठेवायची. ढलप्या, त्यावर भूर्जाची साल, सालीवर एक काडी. आणि खोपीत शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. "आधी आलेली माणसं सुकलेली असतात गं पोरी. भिजलेला असतो तो शेवटचा." मी मान डोलावली. हा नियम मला चालता येत नव्हतं तेव्हापासून पाठ आहे.

नाव मी खरं सांगितलं, साइमा. आडनाव गाळलं. आडनाव ऐकलं असतं तर कॉफी ओतताना तिचा हात थांबला असता. इल्मो माझा भाऊ. गेल्या वर्षी याच पुरात त्याची होडी उलटली. तो पोहून काठाला लागला, खोपीपर्यंत चालत गेला, आणि खोपीत एक ढलपी नव्हती. टाउनो नावाचा इथला वाटाड्या आदल्या दिवशी पाहुणे घेऊन तिथे उतरला होता. पाहुण्यांना ऊब कमी पडू नये म्हणून त्याने होतं नव्हतं ते लाकूड जाळलं आणि तसाच निघून आला. एवढ्या पाण्यात आणखी कोण येणार, असं तो पोलिसांना म्हणाला. त्याला काही झालं नाही. लाकडाचा कायदा नसतो. इल्मो चुलीपुढे बसलेला सापडला, काडेपेटी रिकामी, दोन्ही हात कोपरापर्यंत गार चुलीत घातलेले.

बर्फ फुटला की टाउनो दरवर्षी पहिला नदीत उतरतो. यंदा एकटाच जातोय, परवा निघतोय, हे लेम्पीने मी न विचारताच सांगितलं. मी उद्या निघते. त्याच्या आधी खोपी गाठायची, सगळं लाकूड नदीत लोटायचं आणि खाली निघून यायचं. त्याला मी बोटही लावणार नाही.

२५ मे

दिवसभर चढण. सॅक जड आहे, पण मी चिडलेली असले की चांगली चालते. माथ्यावर बर्फ वरून घट्ट दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत गिळतो. खालून पाणी वाहतं. दोन ओढे एवढे फुगलेत, की होडी फुगवून पार करावे लागले. होडी इल्मोचीच आहे. ती नंतर खाली सापडली होती. तळाचं ठिगळ त्याच्या हातचं, वाकडं.

आता शेवटच्या झाडांखाली बसून रेनडिअरचं सुकं मांस चघळतेय. या दिवसांत रात्र होत नाही, त्यामुळे झोपही धड येत नाही. मग जुनं आठवतं. इल्मो सगळीकडे शेवटी यायचा. घरी सौनात, वाफेच्या न्हाणीत, आम्हा सगळ्यांचं आटोपलं, की दारावर टकटक व्हायची. दोन भरभर, जरा थांबून एक. आई म्हणायची, "आला बघा शेवटचा. गरम पाणी त्याला ठेवा." आणि माझ्याबद्दल म्हणायची, हिचा सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. तेही खरंच होतं.

२६ मे, खोपी

काय नदी आहे! माथा उतरून नदीच्या वरच्या अंगाला होडीत बसले आणि पाण्याने मला खाली उचलूनच नेलं. वल्हं फक्त खडक चुकवायला. दोनदा तोंडावरून लाट गेली, हातांना जाणीव राहिली नाही, आणि मी मोठ्याने ओरडत होते. इल्मोला हे का आवडायचं ते आज कळलं.

खोपी उघड्या माळावर आहे, इथे गुडघ्यापेक्षा उंच झुडूप नाही. लाकूड हिवाळ्यात बर्फगाडीवरून येतं. आत सगळं झाडून ठेवलेलं. चूल मांडलेली, वर भूर्जाची साल, सालीवर एक काडी. कोणीतरी भल्या माणसाने अनोळख्यासाठी ठेवलेली. माझा हात क्षणभर अडला, खोटं कशाला लिहू. मग चुलीतले रिकामे हात आठवले.

खोपीबाहेरचं लाकडांचं खोपट गच्च भरलेलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळं नदीत लोटलं. ओंडके एकामागोमाग एक शहाण्या पोरांसारखे वाहत गेले. करवत टाकली, कुऱ्हाड टाकली. चुलीतल्या ढलप्या टाकल्या. काडेपेटी मात्र फळीवर ठेवली. इल्मोकडेही काडेपेटी होती.

संध्याकाळी पाणी सगळ्यात जास्त असतं, दिवसभराचा बर्फ वितळून आलेला. पहाटे ते जरा उतरेल, तेव्हा निघेन. गार खोपीत स्लीपिंग बॅगमध्ये पडलेय. इतकी गाढ झोप वर्षभरात आली नसेल, अशी आज येणार.

२७ मे

होडी गेली.

सगळं आवरून, सॅक होडीत बांधून, होडी दगडाला बांधली होती. वल्हंही आतच. निघताना आठवलं, की खोपटात भुगा आणि चार ढलप्या राहिल्यात. तेवढ्याही त्याला मिळू नयेत म्हणून झाडू घेऊन परत गेले. झाडून बाहेर आले तर होडी नाही. दोर तुटलेला नाही. दगडावर नीट वेटोळं करून ठेवलाय, टोक आत खोचलेलं. असा दोर आमच्या घरात एकच माणूस ठेवायचा.

पाण्याने दोर सोडून वेटोळं करून ठेवला, असं होत नाही.

खोपीच्या मागचा चर काल कोरडा होता, आज त्यात कमरेच्या वर पाणी धावतंय. चारही बाजूंनी पाणी. अंगावरचे कपडे, खिशात ही वही, पेन्सिल, थोडं मांस. स्लीपिंग बॅग होडीबरोबर गेली. ओला बर्फ पडतोय.

दुपारी

टाउनो आला. लाल होडी, पुढच्या टोकाला लाकडांची मोळी बांधलेली. हाक मारायची होती. हात करायचा होता. पण मी दिसले तर तो सावध होईल, आणि चूल गार का हे मला विचारेल. मी भिंतीआड दबून बसले. उतरू दे, आत येऊ दे.

तो उतरलाच नाही. खोपीसमोर आल्यावर वल्हं आडवं ठेवून त्याने टोपी काढली. खोपीकडे बघत, उघड्या डोक्याने वाहत गेला. वळणापलीकडे दिसेनासा झाला तेव्हा मी ओरडले. फार उशिरा ओरडले. नदीपुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

२८ मे

स्टूल भिंतीवर आपटून मोडलं. जाळायला घेतलं, धुपलं, विझलं. पेटवायला भूर्जाची साल नाही. ती मीच टाकली.

दारावर थाप. थरथरता आवाज म्हणाला, "आत घ्या, गारठलोय."

मला कळलं. टाउनोची होडी खाली उलटली आणि तो माघारी चालत आला. देव आहे तर! खोपीच्या दाराला कडी नसते. मी बाक ओढून दाराला लावला आणि त्यावर बसले. त्याला म्हटलं, ये की रे, पाहुणे कुठे सोडलेस? म्हटलं, एवढ्या पाण्यात आणखी कोण येणार, असंच ना? हसता हसता माझे दात वाजत होते. तो एवढंच म्हणाला, "लाकडं कुठायत?"

म्हटलं, नदीत जाऊन शोध.

मग टकटक झाली. दोन भरभर. जरा थांबून एक.

परत तीच. दोन. थांबून एक.

चर ओलांडून कोण येईल? कमरेच्या वर पाणी आहे, टाउनो कसा —

मी माझ्या भावाला बाहेर ठेवलं. मी त्याला हसले.

२९ मे

बाक बाजूला केला. दार उघडलं. कोणी नव्हतं. मागे वळले तर फरशीवर ओली पावलं, दारापासून चुलीपर्यंत.

तो चुलीपुढे बसलाय. पाठ माझ्याकडे. केसांतून पाणी निथळतंय, थांबत नाही. हात कोपरापर्यंत चुलीत.

फळी जाळली. झाडू जाळला, तोच झाडू. लाकडी पळी. ज्योत होते आणि जाते. त्याच्या हातांना लागतच नाही. म्हटलं इल्मो, मी साइमा, बघ ना माझ्याकडे. तो बघत नाही. एकच विचारतो, लाकडं कोणी नेली?

मी सांगितलं, टाउनोने. त्याच्यासाठीच तर मी आले, तुझ्यासाठी आले.

त्याने मान हलवली. म्हणाला, "ती गेल्या वर्षीची. यंदाची कोणी नेली?"

३० मे असावी

वहीची कोरी पानं फाडून चुलीत घालतेय. हे एक ठेवलं. सहा काड्या — पाच —

तो विचारतोच आहे. ओरडत नाही. आईला विचारायचा तसं विचारतो, माझं पाणी कोणी संपवलं.

शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. मला पाठ आहे. जे गरम असेल ते त्याचं.

काड्या संपल्या.

सांगितलं. मी नेली म्हटलं. मी, साइमाने, हसत हसत —

त्याने चुलीतून हात काढले. वळला. पहिल्यांदाच बघतोय माझ्याकडे. ओळखलं त्याने, मला वाटतं ओळखलं. हात पुढे करून येतोय, शेकायला करतात तसे. चूल गार आहे इल्मो, इकडे काही नाही, इकडे फक्त —

खोपीत गरम असं आता एकच उरलंय, आणि ते त्याला